आसन क्रमांक एक

गाडी पोती बंदरात उतरली तेव्हा तिला तोंड नव्हतं.
बॉनेट, दिवे, रेडिएटर
ओहायोतल्या कुठल्याशा खांबाला देऊन आली होती.
मामाने चार हजार डॉलर मोजले.
आमच्या जॉर्जियात बापाला मामाच म्हणतात,
हसायचं तर हसा.

तीन आठवडे तो तिच्या पोटाखाली पडून होता,
गुरामच्या शेडमध्ये, रुस्तावीच्या त्या मैदानात
जिथे अमेरिकेचे अपघात रांगेने उभे असतात.
शेवटची वायर जोडली, बॅटरी लावली,
आणि पडदा उजळला:
गुड मॉर्निंग, व्हर्नेल.

मामाला इंग्रजी येत नाही.
मी शेजारी बसून वाचत गेले.
मागच्या डाव्या टायरात हवा कमी.
मंगळवार, नऊ चाळीस, डायलिसिस केंद्र,
अठरा मिनिटं, रस्त्यात गर्दी नाही.
तेवढ्यात सीट गुरगुरली, पुढे सरकू लागली,
मामाला घेऊन,
त्याचं पोट स्टिअरिंगला अडेपर्यंत.
आसन क्रमांक एक.
लहानखुरी असणार बाई,
नाक काचेला लावून चालवणारी.
मी बसून पाहिलं. मापानं शिवल्यासारखी आली मला.

'घर' या बटणावर एकदा बोट ठेवलं.
गाडीने बराच वेळ विचार केला,
मग म्हणाली, मार्ग सापडत नाही.
काळा समुद्र आडवा आला असावा तिला.
तरी रोज संध्याकाळी विचारायची, घरी जायचं?
पहिल्यांदा मामा हसला.
पुढे पुढे आपल्या भाषेत सांगू लागला,
अजून नाही, बाई.

फेब्रुवारीत, रात्री अडीच वाजता,
अंगणात दिवे दोनदा लुकलुकले.
दारांचं खट्ट. मग पंख्याचा घुमारा.
मामा हातात पाना घेऊन, पायात नुसते मोजे,
बर्फात धावला.
चोर नव्हता. कोणीच नव्हतं.
सीट गरम होत चालली होती,
काचेवरचं बर्फ खालून सुटत होतं,
पडद्यावर एकच ओळ:
फोनवरून सुरू केली.

कोणाच्या फोनवरून?
ओहायोत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच.
व्हर्नेल असेल, चुकून बोट लागलं असेल.
किंवा तिचा मुलगा,
आईचा फोन अजून चार्ज करत ठेवणारा,
नकाशावरचा ठिपका बघत बसलेला,
म्त्क्वारीच्या काठी, उच्चारता न येणाऱ्या गावात
हलणारा, थांबणारा ठिपका.
मामाने पाना डॅशबोर्डवर ठेवला
आणि हीटर आपोआप बंद होईस्तोवर
बसून राहिला. मोजे वाळले.

मग तो रविवारी लांबच्या रस्त्याने निघू लागला.
म्त्सखेताला, जिथे दोन नद्या मिळतात
तरी काही अंतर पाण्याचे रंग वेगळेच राहतात,
तिथे गाडी उगाच उभी करायचा.
पेट्रोल काय फुकट येतं का, मी म्हटलं.
म्हणाला, बघणाऱ्याला काही बघायला नको?

एप्रिलात अल्माटीचं गिऱ्हाईक आलं.
टायरला लाथ मारली, दार तीनदा आपटलं,
पडद्याकडे बोट केलं: ही कोण?
पुसून द्या.
सगळी माहिती काढून टाकायची?
हे परत आणता येणार नाही.
मी वाचून दाखवलं.
मामा फडक्याने हात पुसत राहिला,
स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.
तूच दाब, एतेरी, म्हणाला, माझी बोटं ग्रीसची आहेत.

पडदा काळा झाला.
सीट गुरगुरली आणि मागे मागे जात राहिली
कारखान्याने धरून ठेवलेल्या कुठल्यातरी माणसाच्या मापापर्यंत.
माझे पाय ब्रेकवरून सुटले, लोंबत राहिले.
स्वागत आहे. आपलं नाव सांगा.
बाहेर मामा नोटा मोजत होता, ओठ हलवत,
मध्येच चुकला,
पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.